मायच्या खांद्याची निःपक्ष चौकशी

अन्याय झाला तो माझ्या आईवर, लीलाबाईंवर, गेल्या वर्षी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना उरला असताना, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता. जागा: नंदुरबारमधला एक दवाखाना. हत्यार: सुई. हा अन्याय नेमका कोणी केला, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं, आणि दुसरं बाकी सगळ्यांचं.

मी पत्रकं लिहितो. आमचा चार जणांचा गट आहे आणि काम आहे रुग्णांना जागं करण्याचं. (रुग्ण दुखण्यामुळे आधीच जागे असतात, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.) कॉलेज सुटल्यापासून मी दुसरं काही लिहिलेलंच नाही, त्यामुळे मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तरी त्यात 'जाहीर निषेध' येतोच. मोलगीच्या बाजारात सगळ्या सांध्यांना एकच तेल विकणारा एक माणूस बसायचा. त्याच्याविरुद्ध मी पत्रक काढलं. पत्रक मराठीत, बाजार पावरी बोलणारा! त्या तेलवाल्याने मात्र दोन्ही हात जोडून आमच्याकडून अख्खा गठ्ठा मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्याच पत्रकांत बाटल्या गुंडाळून विकल्या. तेव्हापासून कोणी माझ्याशी नम्रपणे वागलं की मला घाम फुटतो.

तर आईचा खांदा. दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा आखडत गेला. हात छातीच्या वर जाईना. वेणी घालायची तर हात डोक्याकडे न नेता ती डोकंच हाताकडे आणायची. पण आमच्या घरात दुखणं किती मोठं, असं कोणी विचारत नाही. काम कोणतं अडलं, असं विचारतात. भाकरी होत होती, कपडे धुतले जात होते, म्हशीची धार निघत होती. तेव्हा होळीपर्यंत आईचा खांदा दुखतच नव्हता म्हणा ना!

मग आखाजी जवळ आली आणि मांडे अडले.

मांडा म्हणजे पुरणपोळी नव्हे. (ज्यांना ती वाटते त्यांनी एकदा खानदेशात येऊन आमच्या चुलीपुढे हे वाक्य मोठ्याने म्हणावं.) पुरण भरलेला मऊ गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत, झुलवत कोपरापर्यंत पसरत न्यायचा. पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की हात उंच करून चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. खांदा नसेल तर मांडा नाही. आणि माझी बहीण ज्योती सुरतेला दिलेली, तिची ही लग्नानंतरची पहिली आखाजी! तिला सोडायला विहीणबाई स्वतः येणार होत्या, कारण लग्नात निरोप घेताना आईने त्यांचा हात धरून शब्द दिला होता, "बेन, आखाजीले या. मन्हा हातना मांडा खावाडसू तुम्हले."

शेजारच्या मंगलाकाकूंना, म्हणजे माझ्या चुलतीला, हे सगळं ठाऊक. एके दुपारी त्या ओट्यावरून ओरडल्या, "लीलावैनी, हात नही चालना ते सांगी द्या बरं! मी शे ना!"

मंगलाकाकूंचे मांडे. ते हातावर झुलत नाहीत, हातावर बसतात. एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांचा मांडा चुकून गोधडीच्या घडीवर ठेवला होता आणि उठताना दोन्ही गोधडीच समजून घेऊन उठले होते.

आई ते ऐकून आत निघून गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "निख्या, माले दवाखानाम्हा लई चाल. खापर मंगलाना हातम्हा गयं ते मी आखाजी करावच नही."

दवाखाना नवराबायको मिळून चालवत. बाई फिजिओथेरपिस्ट, त्यांना सगळे मॅडम म्हणत. नवरा अॅक्युपंक्चर करायचा, ते सर. बाहेर पाटी: 'सुई आणि व्यायाम यांच्या संगमातून संपूर्ण शरीराचा उपचार'. मी पाटीपुढेच थांबलो. आमचा एक खांदा बिघडलेला, मग ह्यांना संपूर्ण शरीर कशाला हवं? सोनाराकडे नथ दुरुस्तीला दिली तर तो 'नाकही ठेवून जा' म्हणतो का?

"तू आते पाटीशी भांडनार शे का?" आईने विचारलं आणि ती आत गेली.

मॅडमनी हात कुठवर जातो ते बघितलं, पाठीमागे कुठवर जातो ते बघितलं, मानेला हात लावला. मग विचारलं, "मावशी, ह्या हाताने कोणतं काम करता येत नाही, ज्याचं तुम्हाला जास्त वाईट वाटतं?"

"मांडा," आई म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं! चार महिने घरात हिंडते आहे, आमच्यापुढे कधी आलं नाही ते. मी लगेच नोंद केली: रुग्णाला भावनिक करण्याचं तंत्र.

मग सर आले. हसतमुख, नम्र. (घाम.) त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, कापसाने कातडी पुसली, नवीन पाकीट फोडलं आणि सुई टोचली. कुठे? डाव्या पायाच्या नडगीशेजारी!

"थांबा!" मी उभा राहिलो. "दुखतंय काय?"

"खांदा," सर म्हणाले.

"कुठला?"

"उजवा."

"आणि सुई?"

"डाव्या पायात."

"चुकून?"

"नाही नाही, मुद्दाम."

गुन्हेगार इतक्या चटकन कबुली देतो तेव्हा समजावं की तो सराईत आहे! सरांनी समजावून सांगितलं की ह्या बिंदूवर सुई दिली की खांद्याचं दुखणं थोडा वेळ हलकं होतं असा त्यांचा अनुभव आहे, आणि तेवढ्या वेळात मॅडम खांदा हलवून घेतात. "दुखतं म्हणून हात हलत नाही, हलत नाही म्हणून आणखी आखडतो. मी दार किलकिलं करतो, मॅडम आत शिरतात."

"चोरही असंच करतात," मी म्हणालो.

"निख्या!" आई ओरडली. तिला शरम वाटली होती. पण तोपर्यंत मॅडमनी तिचा हात धरून हळूहळू वर न्यायला घेतला होता, आणि तो हात छाती सोडून हनुवटीपर्यंत आला होता.

"हा भ्रम आहे," मी आईला सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "भ्रमम्हा वर जाई ऱ्हायना ते जाऊ दे त्याले."

आता मला सांगा, ही परिस्थिती कोणत्याही सुज्ञ नागरिकाने सहन करावी का? हात वर गेला, मान्य. पण कोणामुळे? सुईमुळे की व्यायामामुळे? दोघं एकदम कामाला लागले तर श्रेय कोणाचं, आणि उद्या बिघडलं तर पकडायचं कोणाला? मी सरळ मागणी केली: दोन्ही उपचार वेगळे करा! आई फक्त व्यायाम करेल. सुईला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आणि निव्वळ सुईचा परिणाम तपासायला मी दुसरा रुग्ण आणून देतो.

मॅडम म्हणाल्या, "अहो, पण त्यांना काय हवंय?"

"तिला सत्य हवंय!" मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आणा रुग्ण." परत हसले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसरा रुग्ण मला जेवायच्या ताटावर सापडला. आबांची मान वर्षभर डावीकडे वळत नव्हती. ट्रॅक्टर मागे घेताना ते फक्त उजवीकडून बघायचे, आणि डावीकडे मंगलाकाकूंचा ओटा होता. ओटा दोनदा बांधून झाला होता. काकू आईला विचारायच्या, "वैनी, मन्हा ओटा काय भाऊसायबना टॅक्टरना बिरेक शे का?"

मी आबांना योजना सांगितली. आबांनी घास तसाच हातात धरला.

"सुया? माले? मी काय गोधडी शे का?"

"आबा, विज्ञानासाठी!"

"मंग इग्यानना बापले टोच ना! मन्ही मान कसाले?"

शेवटी आईने समजूत घातली. ती आबांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि आबा मुकाट तयार झाले. आई माझ्या चळवळीला एवढी मदत करते आहे हे बघून मला भरून आलं. (काय बोलली ते मला आखाजीला समजलं.)

पहिल्या दिवशी आबांना पालथं झोपवलं. मानेला, हाताला सुया लागल्या. मी शेजारी उभा, डोळ्यांत तेल घालून. आणि तेवढ्यात वारा फिरला.

नंदुरबारला जे आलेत त्यांना सांगायला नको. गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या, हंगाम संपत आलेला, खालचा चुरा उरलेला, आणि वारा दवाखान्याच्या दिशेने! आधी सर शिंकले, मग मी, मग बाहेरच्या बाकावरचे सगळे ओळीने. आबा मात्र सुयांसकट श्वास रोखून पडले होते.

"आबा, शिंकू नका!" मी ओरडलो. "मानेत सुया आहेत!"

"ते माले म्हाईत शे!" आबा म्हणाले, आणि बोलायला तोंड उघडल्याबरोबर शिंक आली. पलंग हलला. मानेवरच्या सुया साळिंदरासारख्या थरथरल्या. मी सरांच्या हाताला धरलं, सर शिंकले, मी शिंकलो, आबा परत शिंकले. मग सरांनी शांतपणे खिडकी लावली, ओला टॉवेल फटीत खोचला, सुया तपासल्या आणि म्हणाले, "काही झालेलं नाही." खरंच झालेलं नव्हतं. आबा झोपले होते! घोरत होते! ज्या माणसाला दुपारची झोप म्हणजे पाप वाटतं, तो माणूस मानेत सुया घेऊन घोरत होता.

उठल्यावर मी विचारलं, "मान वळते का?"

"मानना काय म्हाईत नही," आबा म्हणाले, "पन असा झोपना व्हतू ना, लगननंतर पहिलाच टाइम."

आता ह्याचं मोजमाप कसं करायचं? मी रागारागाने बाहेर आलो.

पुढचे दिवस मी काटेकोर निरीक्षणात घालवले. आईचे दिवस ठरलेले, तेव्हा मी मॅडमच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो. आई दोरी आणि गराडीने, म्हणजे कप्पीने, हात ओढायची, भिंतीवर बोटांनी चढायची, कमरेत वाकून हात लोंबता सोडून गोल फिरवायची. मॅडमनी तिला ओला पंचा दिला होता. तो मांड्यासारखा दोन्ही हातांवर झुलवायचा. त्या पंच्यावर आईचा जीव जडला. घरीही ती अंगणात उभी राहून पंचा झुलवायची आणि ओट्यावरून मंगलाकाकू विचारायच्या, "वैनी, माश्या लई झायात का?"

बाकीच्या दिवशी आई आणि आबा मोटारसायकलवर बसून आखाजीच्या खरेदीला नंदुरबारला जात. दुपारभर बाजार, आणि आणायचे काय? पाव किलो गूळ. दुसऱ्या खेपेला खोबऱ्याची एक वाटी. तिसऱ्या खेपेला काहीच नाही, 'भाव वाढेल व्हता.' परत आल्यावर आई कानावरून पदर घट्ट लपेटून स्वयंपाकघरात शिरायची. आबा अंगणातल्या भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे आणि हनुवटी आत-बाहेर, आत-बाहेर करायचे. मी विचारलं तर म्हणाले, "इचार करी ऱ्हायनू." बनावट तेलाच्या बाटलीचं बूच बघून कारखाना ओळखणारा मी, मला ह्यात काही म्हणजे काही वावगं दिसलं नाही!

कारण मला निकाल दिसत होता. आईचा हात हनुवटीवरून कपाळावर, कपाळावरून डोक्यावर गेला. निव्वळ व्यायामाने! सुईविना! एका सकाळी तिने उभं राहून वेणी घातली, डोकं न वाकवता, आणि आरशात स्वतःकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आबांची मानही थोडी डावीकडे वळायला लागली होती, हे जरा अडचणीचं होतं. पण ती झोपेमुळे असणार, असं मी ठरवून टाकलं.

आणि पत्रक लिहिलं. 'एका आईचा खांदा बोलतो!' असा मथळा. खाली: 'सुई नाही! गोळी नाही! निव्वळ व्यायाम! रुग्णांनो, संगमाच्या नावाखाली होणारी फसवणूक ओळखा! तुमच्या शरीरावर काय करायचं ते तुम्हाला विचारूनच झालं पाहिजे! संमतीशिवाय उपचार म्हणजे अत्याचार!'

छापखानेवाले सलीमभाई आमची सगळी पत्रकं छापतात आणि छापण्याआधी वाचतात, ही त्यांची एकच वाईट सवय. त्यांनी चष्मा वर केला. "निखिलभाऊ, आखाजी होऊन जाऊ द्या ना. आधी मांडा खापरावर पडू दे, मग छापू."

"पुरावा डोळ्यांपुढे आहे, सलीमभाई."

"डोळ्यांपुढे आहे ना, म्हणूनच म्हणतो. एकदा छापलं की कागद कोरा होत नाही."

मी ऐकलं नाही. गुलाबी कागदावर पत्रक निघालं. बाजारात वाटलं, बसस्टँडवर वाटलं, तळोद्याच्या जीपवाल्यांनी काचेला लावलं. आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी ते मुलांकडून वाचून घेतलं. झालं! ज्यांचे खांदे दुखत होते त्या आमच्या अंगणात यायला लागल्या, ज्यांचे नव्हते त्याही आल्या. आईने त्यांना पंचा झुलवायला शिकवावं अशी मागणी. आई पत्रकाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, म्हणायची, "दवाखानाम्हा जा ना वं तुम्ही. मी काय डाक्टर शे का?" मला तिच्या विनयाचं कौतुक वाटलं.

मंगलाकाकू पत्रक हातात घेऊन आल्या. "निखिल, येम्हा लिखेल शे का वैनी मांडा करतीन?"

"लिहिलेलं नाही. पण करणार!" मी छातीवर हात मारला. "आखाजीला, सगळ्यांसमोर, अंगणात! या बघायला!"

आईच्या हातातला पंचा खाली पडला.

आखाजीच्या दिवशी अंगणात चूल मांडली. ज्योती आली होती, जावई आले होते, विहीणबाई सुरतेहून आल्या होत्या आणि पाटावर बसल्या होत्या. गल्ली लोटली होती. मी गुलाबी पत्रकं काखेत घेऊन उभा. आणि फाटकातून आत कोण आलं? सर आणि मॅडम! आईने त्यांना जेवायला बोलावलं होतं, मला न सांगता! मी म्हटलं उत्तम, आरोपींच्या समक्ष होऊन जाऊ दे.

आई चुलीपुढे बसली. खापर तापलं होतं. तिने गोळा घेतला, लाटला, हातांवर घेतला. तिचे ओठ घट्ट मिटलेले. सबंध अंगण पुढे झुकलं. झोक्यावरच्या पोरींनीसुद्धा पाय टेकवून झोका थांबवला. मांडा मनगटावर आला, कोपराकडे सरकला, पातळ झाला, आणखी पातळ झाला, त्याच्या आरपार चुलीचा जाळ दिसायला लागला. आणि आईने दोन्ही हात उचलले. उजवासुद्धा! कानाच्या वर! मांडा खापरावर असा उतरला जसा स्वतःच्या घरी आला.

विहीणबाई "वाह!" म्हणाल्या. ज्योती रडायला लागली. मी पत्रक उंचावलं आणि घोषणा द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आईचा पदर डोक्यावरून घसरला.

तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर, कडांवर, कातडीच्या रंगाच्या बारक्या चौकोनी पट्ट्या. ओळीने. आणि प्रत्येक पट्टीखाली एक टपोरा दाणा. सरांच्या भिंतीवर कानाचं चित्र होतं, त्यात असल्याच खुणा होत्या. म्हणजे हे दाणे सुईचीच पिल्लं, सुई नसेल त्या दिवशी बोटाने दाबत राहायची!

"माय!" मी म्हणालो. "हे काय?"

आईने चुलीकडेच बघत सांगितलं, "दाना शेत."

"कोणी लावले?"

"सरनी."

"आणि सुया?"

"त्या बी लिन्ह्या. खरेदीले जाऊत ना, तव्हय."

पाव किलो गूळ! खोबऱ्याची वाटी! मी आबांकडे वळलो. आबा डावीकडे बघायला लागले. (व्यवस्थित वळत होती मान!) "आबा, तुम्ही तरी निव्वळ सुईवर होतात ना?"

"व्हतू ना. पन मॅडम म्हने हनुवटी आत लेवाना व्यायाम करा, नहीते मान पुन्हा धरी. मंग तो बी करा." आणि हळूच म्हणाले, "तुन्ही माय म्हने, तुम्ही सुया लिसन पोऱ्याले गुतवी ठेवा, म्हंजे मन्हं काम व्हई."

म्हणजे ते कानाशी बोलणं हे होतं! माझ्या प्रयोगातले दोन्ही रुग्ण दोन्ही उपचार घेत होते, आणि त्यांतला एक तर माझी नजर चुकवायला नेमलेला होता! मी सर-मॅडमवर तुटून पडलो. "आणि तुम्ही! तुम्ही हे मला सांगितलं नाही! कोणत्या नैतिकतेत बसतं हे?"

सर नेहमीप्रमाणे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "निखिल, पेशंट कोण? तुम्ही की त्या? त्या म्हणाल्या दोन्ही द्या, मुलाला सांगू नका. आम्ही पेशंटचं ऐकलं."

"पण..."

"मन्हं आयक," आई म्हणाली. तिने माझ्या काखेतलं पत्रक ओढून घेतलं आणि ज्योतीकडे दिलं. "वाच वं, ते खालनं."

ज्योतीने नाक पुसून मोठ्याने वाचलं, "तुमच्या शरीरावर काय करायचं ते तुम्हाला विचारूनच झालं पाहिजे! संमतीशिवाय उपचार म्हणजे अत्याचार!"

"हाई तूच लिखेल शे ना?" आईने विचारलं. "मंग मन्ही सुई बंद करी तव्हय माले कोन इचारं? मॅडमनी इचारं व्हतं, लीलाबाईले काय पाह्यजे. तू सांगं, सत्य पाह्यजे. बेटा, सत्य तुले पाह्यजे व्हतं. माले हात पाह्यजे व्हता."

  उत्तर नाही सुचलं तर आमच्या गटात घोषणा देतात. मी घोषणेसाठी श्वास घेतला आणि अख्खं अंगण एकदम ओरडलं, "मांडा!"

खापरावरून धूर निघत होता. सुरतेच्या विहीणबाईंसाठी टाकलेला पहिला मांडा कडेने काळा पडला होता. "तुन्ही चौकशीनी पायी!" म्हणत आईने तो उचलला, बाजूला टाकला, नवा गोळा घेतला, पदर कमरेला खोचला आणि दुसरा मांडा ओढला. तो पहिल्याहून सुंदर झाला. विहीणबाईंनी आमरसात बुडवून पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. उजव्या. आई "आई गं" म्हणाली, पण हसत म्हणाली.

तिने आणखी थोडे केले आणि मग मॅडमनी हात धरला. "बास, मावशी. आज एवढंच."

"अजून निम्मी पंगत बाकी शे!"

"मग दुसऱ्या कोणाला तरी ओढू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समानतेवरही पत्रक काढलेलं आहे, त्यामुळे माघार घेता येईना. मी गोळा हातावर घेतला. तो मनगटावरून कोपरावर गेला, कोपरावरून दंडावर गेला, तिथून खाली यायला तयार होईना. मंगलाकाकूंनी तो सोलून काढला. शेवटी खापरापुढे त्याच बसल्या, आणि त्यांच्या शेजारी पाट टाकून आई बसली, डाव्या हाताने दाखवत, "असा झुलव वं, असा, दाब देऊ नको." काकूंचे मांडे त्या दिवशी पहिल्यांदा हातावर झुलले. फार नाही, पण झुलले. पातळ मांडे पाहुण्यांच्या ताटात गेले. चौकशी समितीच्या ताटात, म्हणजे माझ्या, त्यातला सगळ्यात जाड आला, आणि काकू समोर उभ्या राहून विचारत होत्या, "कसा शे?"

जेवण झाल्यावर मी सरांना बाजूला घेऊन शेवटचं विचारलं, "खरं सांगा. खांदा सुईने सुटला की व्यायामाने?"

"दोन्हीने," सर म्हणाले.

मॅडमना वेगळं गाठून विचारलं. "दोन्हीने," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर असा खांदा कधीकधी काळाने आपोआपही सुटतो."

म्हणजे आता संशयित तीन! आणि त्यातले दोघं नवराबायको असून वेगवेगळं विचारलं तरी एकच उत्तर देतात. मला सांगा, कोणत्या घरात असं होतं? नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. मी चौकशी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही.

म्हणून वाचकहो, आता तुम्हीच पुढे या! मला एक आखडलेला खांदा हवा आहे. उजवा-डावा कोणताही, नंदुरबारचा असो नाहीतर अक्कलकुव्याचा. मालकाने सुई घ्यावी किंवा व्यायाम करावा, दोन्ही नाही, आणि मी विचारेन तेव्हा खरं बोलावं. मालकाची लेखी संमती मी ह्या वेळेला आधी घेईन. अट एकच आहे आणि तिच्यावर मी ठाम आहे: तो खांदा माझ्या आईच्या ओळखीचा नसावा.